चिऱ्यांवरच्या शेवाळासाठी प्रेशर वॉशर: पेट्रोलचा की विजेवरचा?

प्रश्न: फोंड्यातील आमच्या अंगणात आणि चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) कुंपणावर पावसाळ्यात काळे-हिरवे शेवाळ धरते, ते काढण्यासाठी व स्कूटर धुण्यासाठी कोणता प्रेशर वॉशर घ्यावा?

उत्तर १: विजेवरचाच घ्यावा. १०० ते १३० बार दाब घरकामास पुरतो. १५०० ते १८०० वॉटच्या यंत्राला मात्र अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग हवा. पेट्रोलचे यंत्र जड आणि कर्कश असते, शिवाय त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे ते बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नये.

उत्तर २: सहमत, तरी वीज न पोहोचलेल्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) टोकाला पेट्रोलचेच यंत्र कामी येते. चिरा मऊ असतो, हे मात्र विसरू नका. मी नोझल वीतभर अंतरावर धरले, तेव्हा सांध्यांतला चुना भुग्यासारखा बाहेर आला. आता दोन हात अंतरावरून रुंद फवारा मारतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी प्लग बदलून घेतो.