पुनः पुनः टुबा सिटीचा तो दिवा – अंकात वेळ कुठली छापू?

ताई (अंक समिती):
मंडळी, वहिनी-दादांना टुबा सिटीजवळ (उत्तर अ‍ॅरिझोनातलं गाव) संध्याकाळी आकाशात दिसलेल्या दिव्याचं पान १४ अजून अडलंय आणि पीडीएफ उद्या सकाळी प्रेसला जायचीय. वहिनींच्या फोनमधल्या फोटोवर ७:४१, दादांच्या कॅमेऱ्यातल्या फोटोवर ६:४१. दिवा एकच, माणसं तीच. कुठली टाकू? कृपया फक्त वेळेबद्दल बोला, बाकीचं मागच्या आठवड्यात झालंय.

नाना:
वेळेबद्दलच बोलतो. १३ मार्च १९९७ ला फिनिक्समध्ये आम्ही हेल-बॉप धूमकेतू बघायला बाहेर उभे होतो. रात्री साडेआठच्या सुमारास दिव्यांची ती पाचरीसारखी रांग डोक्यावरून गेली म्हणे, हिने बघितली, मी नेमका दुर्बीण आणायला आत. मग दहाच्या सुमाराला नैऋत्येला वेगळेच दिवे दिसले, आणि लोकांनी दोन्हीची एकच गोष्ट करून टाकली, ती आजतागायत सुटत नाहीये. अ‍ॅरिझोनाचे तेव्हाचे गव्हर्नर सायमिंग्टन, त्यांनी पत्रकार परिषदेत एलियनच्या वेषात माणूस आणून सगळ्यांची थट्टा केली आणि २००७ मध्ये स्वतःच म्हणाले की मीही पाहिलं होतं!! तर वेळ नीट छापा.

बापू:
नाना, दहाचे दिवे म्हणजे मेरीलँड एअर नॅशनल गार्डच्या ए-१० विमानांनी गोल्डवॉटर रेंजवर, म्हणजे लष्करी सरावाच्या मैदानावर, सोडलेले फ्लेअर, म्हणजे उजेडासाठीचे जळते गोळे. पॅराशूटला लटकून सावकाश खाली येतात, डोंगराआड गेले की एकेक विझल्यासारखे वाटतात. दर वर्षी सांगतो.

वहिनी:
आमचं फ्लेअर नव्हतं हो. मुलगी मागच्या सीटवरून ओरडली म्हणून बघितलं, पश्चिमेला अगदी क्षितिजालगत पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे पंखा उघडावा तसा निळसर झोत, आवाज काही नाही. मग ठिपक्याचे दोन झाले, मागचा मधूनमधून फुस्स करून छोटे ढग सोडत होता. माझा फोन ७:४१ म्हणतो, फोन काय उगाच खोटं बोलेल? आणि मथळ्यात 'रॉकेट' घालणार असाल तर आमची नावं काढा.

अण्णा:
वहिनी, फोनही खरा आणि कॅमेराही खरा. बाकीच्या बहुतेक अमेरिकेसारखं अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, टुबा सिटी त्यातच) करतं, आणि त्याच्या पोटात असलेलं होपी आदिवासींचं रिझर्व्हेशन परत करत नाही, त्यामुळे टुबा सिटीत सात वाजले की रस्त्यापलीकडे मोएनकोपी या होपी गावात सहा. फोनने नावाहोचा टॉवर धरला, कॅमेरा फिनिक्सच्याच वेळेवर राहिला. त्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या वँडेनबर्ग तळावरून फाल्कन ९ रॉकेट सुटलं ते कॅलिफोर्नियाच्या ६:३८ ला, म्हणजे या दिवसांत फिनिक्सचे पण ६:३८. तीन मिनिटांत पहिला टप्पा सुटून दुसरा पेटलेला असतो, ते फुस्स म्हणजे सुटलेला टप्पा नायट्रोजनने स्वतःला वळवत होता. तुमच्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून धूर चमकतो. २२ डिसेंबर २०१७ ला असंच फिनिक्सपर्यंत दिसलं होतं.

दादा:
अण्णांशी सहमत, पण एक मुद्दा. आम्ही तोवर २६४ नंबरच्या हायवेला लागून मोएनकोपी ओलांडलं होतं, म्हणजे जागेवरची अधिकृत वेळ ६:४१. कॅमेऱ्याची.

वहिनी:
काही ओलांडलं नव्हतं. गॅस भरायला थांबलो होतो, हे आत कॉफी घेत होते, पहिले फोटो मीच काढले.

माई:
वेळेचं राहू दे, होपी गावांत फोटो काढायला मनाई असते, आकाशाचा असला तरी. दादा म्हणतात तसं पलीकडे गेला असाल तर तो फोटो छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दादा:
माई, मग आम्ही टुबा सिटीतच होतो असं धरा.

ताई (अंक समिती):
झालं तर. जागा टुबा सिटी, फोटो वहिनींचा, वेळ ७:४१, खाली बारीक अक्षरात 'फिनिक्सचे ६:४१'. मथळ्यात रॉकेट नाही आणि उडती तबकडीही नाही. अण्णांचं स्पष्टीकरण चौकटीत, सहा ओळी, सातवी कापणार. पान १४ बंद.

नाना:
१९९७ च्या आठवणीला अर्धं पान मिळेल का? हिला विचारून लिहितो.

बापू:
फ्लेअरचा उल्लेख असेल तर आधी मला दाखवा.

ताई (अंक समिती):
पान १४ बंद म्हणजे बंद. नाना, अर्धं पान पुढच्या अंकात, आणि लिहायचं नानींनी, त्यांनी बघितलंय.