‘वैर’, ‘चुरस’ की ‘दावा’? : ‘अय्यप्पनुम कोशियुम’च्या निमित्ताने शब्दचर्चा

सची यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘अय्यप्पनुम कोशियुम’ (2020) या मल्याळम चित्रपटाबद्दल मराठीत लिहिताना ‘प्रिव्हिलेज’साठी सर्रास ‘विशेषाधिकार’ आणि दोन नायकांमधील संघर्षासाठी ‘चुरस’ किंवा ‘स्पर्धा’ असे शब्द योजले जातात. मला हे दोन्ही पर्याय अपुरे वाटतात.

‘विशेषाधिकार’ हा कायद्याच्या भाषेतला शब्द आहे. विधिमंडळाला आणि त्याच्या सदस्यांना तो संविधानाच्या अनुच्छेद 194 ने मिळतो आणि त्याचा भंग झाला की आपण ‘हक्कभंग’ म्हणतो. कोशी कुरियनकडे असे लेखी काहीच नाही. तो लष्करातून निवृत्त झालेला हवालदार आहे, धनाढ्य बापाचा मुलगा आहे आणि दारूबंदी असलेल्या अट्टप्पाडीच्या आदिवासी पट्ट्यात रात्री गाडीतून दारूच्या बाटल्या नेताना पकडला जातो. त्याचा फोन पोलिसांच्या हाती लागतो आणि त्यातील बड्या लोकांची नावे पाहताच ठाण्यातील वातावरण पालटते. कोणी दमदाटी केलेली नसते, कोणाचा निरोपही आलेला नसतो, केवळ नावांनी काम भागते. याला मराठीत नेमका शब्द ‘वट’. ‘त्याची वर वट आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाने ती वापरलीच पाहिजे असे नसते, ती आहे हे समोरच्याला ठाऊक असणे पुरेसे असते. ‘वजन’ आणि ‘वशिला’ हे शब्द जवळचे आहेत खरे, पण वशिला लावावा लागतो आणि वजन पुष्कळदा कर्तृत्वानेही येते, तर कोशीची वट जन्माने आलेली आहे.

उपनिरीक्षक अय्यप्पन नायरकडे जे आहे त्याला ‘अधिकार’ म्हणावे, ‘सत्ता’ म्हणू नये, कारण अधिकार आदेशाने येतो आणि आदेशानेच जातो. कोठडीत कोशी गयावया करतो म्हणून अय्यप्पन जप्त केलेल्या मालातील दारू त्याला देतो आणि कोशी त्याचे गुपचूप चित्रीकरण करून पुढे ते बाहेर काढतो. अय्यप्पन निलंबित होतो, त्याच्यासोबत पोलीस शिपाई जेस्सीही होते. कोशीची वट मात्र तशीच राहते, कारण जी गोष्ट कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही, ती काढून घेण्याचा आदेश तरी कोण काढणार? चित्रपटाचे सर्वांत धारदार निरीक्षण मला इथे दिसते, आणि बिजू मेनन यांनी वर्दी उतरल्यानंतरचा अय्यप्पन ज्या संथ, जवळजवळ निवांत चालीने उभा केला आहे, त्यावरून वर्दीने त्याला बळ देण्यापेक्षा आवरूनच अधिक धरले होते हे कळते. (या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता.)

आता ‘चुरस’. चुरशीला एक समान लक्ष्य लागते: पद, बक्षीस, निवडणूक. या दोघांना एकच वस्तू नको आहे, त्यांना एकमेकांचे नमणे हवे आहे. ‘वैर’ चालेल, पण त्यात कायद्याची बाजू येत नाही. म्हणून मी ‘दावा’ सुचवतो. न्यायालयात दाखल होतो तोही दावा आणि दोन घराण्यांत धरला जातो तोही दावाच. ‘त्यांचा उभा दावा आहे’ ही म्हणण्याची रीत आजही जिवंत आहे. इथले भांडण गुन्ह्याची नोंद, जामीन, निलंबन या वाटेने सुरू होते आणि हातघाईवर पोचते, आणि दोन्ही टप्प्यांना एकच शब्द पुरतो.

‘न्याय’ या शब्दाबाबत मात्र जपून राहावे. ‘शेवटी अय्यप्पनला न्याय मिळतो’ असे वाक्य मला खटकते, कारण न्याय ‘मिळतो’ म्हटले की देणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो आणि इथे तसा कोणी नाही. शिवाय जेस्सीचे काय, अय्यप्पनची आदिवासी पत्नी कन्नम्मा हिच्या वाट्याला या दोन पुरुषांच्या हट्टातून जे येते त्याचे काय, हे प्रश्न त्या एका वाक्याखाली दडपले जातात. तिथे ‘दावा मिटतो’ किंवा ‘हिशेब चुकता होतो’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. ‘सूड’ हा शब्द मी दोघांपैकी कोशीसाठीच राखून ठेवीन, आणि तोही त्याने ते चित्रीकरण बाहेर काढले तेवढ्या कृतीपुरता.