मदत हवी आहे: ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना टनेल किती कापावं?

नमस्कार मंडळी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या सेडानमध्ये ऑटोमॅटिकच्या जागी पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स बसवतोय. क्लच पेडलचं जमलं. पण गिअर लिव्हर टनेलच्या (फ्लोअरच्या मधोमध, गिअरबॉक्सवर असलेला पत्र्याचा लांब उंचवटा) मूळ भोकाच्या बराच मागे येतोय आणि बॉक्स वरच्या पत्र्याला टेकतोय. बॉक्स खाली घेतला तर प्रॉपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कोन बिघडून गाडी थरथरेल, ते नकोच. कापायचं तर मोनोकॉक (वेगळी चॅसिस नसलेल्या, बॉडीच भार पेलणाऱ्या) गाडीत टनेल म्हणजे फ्लोअरचा कणा! १.२ मिमी पत्र्याचा उंचवटा करून मिग वेल्डिंगचे थोडे थोडे टाके मारले तर पुरेल, की कडेने आतून पट्टीही द्यावी? नागपूरला हिंगणा एमआयडीसी किंवा वाडीकडे असं काम नीट करणारा फॅब्रिकेटर कुणाला माहीत आहे का? लिव्हरच्या बुडाशी बसणाऱ्या रबर बूटचंही (आवरणाचंही) सांगा, नागपूरच्या मे महिन्यात तिथून येणारी गरम हवा सोसवत नाही.