हॅरी डीन स्टॅन्टन यांचे ‘उशिरा मिळालेले’ यश

अमेरिकी नट स्टॅन्टन यांची खरी कारकीर्द १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटापासून सुरू झाली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. केंटकीत १९२६ साली जन्मलेला आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात स्वयंपाक्याचे काम केलेला हा नट पन्नाशी उलटून गेल्यावर नायक झाला हे खरे. पण त्याआधीची तीसेक वर्षे त्याने दूरचित्रवाणीवरील काउबॉय मालिकांत आणि चित्रपटांतल्या लहानसहान भूमिकांत काढली, आणि त्याची घडण तिथेच झाली.

१९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटातला त्याचा ब्रेट, अंतराळयानावरचा तंत्रज्ञ, आठवून पाहा. हरवलेले मांजर शोधत तो एका अंधाऱ्या दालनात येतो, छतावरून पाणी ठिबकत असते, आणि हा गडी शांतपणे टोपी काढून ते तोंडावर घेत उभा राहतो. कथेला त्या क्षणाची तशी काहीच गरज नाही. मात्र दिवसभर यंत्रांशी झटलेल्या कामगाराचा सारा शिणवटा त्यात उतरला आहे. (त्यानंतर लगेचच तो मारला जातो, ते वेगळे.) ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये काचेपलीकडच्या पत्नीकडे पाठ फिरवून फोनवर बोलणारा त्याचा नायक ट्रॅव्हिस मला याच ब्रेटचा थोरला भाऊ वाटतो.