वॉर्डात डिजिटल केसपेपर आणि टचस्क्रीन : मदत हवी आहे

खाट_नंबर_१४
तालुक्याच्या गावातलं ट्रस्टचं रुग्णालय, मेडिसिन वॉर्ड ३० खाटांचा. बिलिंग आणि लॅब संगणकावर आहेत. टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), औषधांचा चार्ट, इनटेक-आउटपुट (शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला) अजून कागदावरच. आता प्रत्येक खाटेशी एक टचस्क्रीन आणि सिस्टरांच्या टेबलामागे ४३ इंची डिस्प्ले लावायचं घाटतंय. खाटेगणिक स्क्रीन खरंच लागतो का? ग्लोव्ह्ज घालून टच चालतो का? लाइट गेली की काय करायचं? मोठ्या डिस्प्लेवर पेशंटचं नाव लावावं का?

रात्रपाळी
खाटेगणिक नको. पाळीला तीन सिस्टर असतील तर एका वेळी लिहिणारे हात तीनच. स्क्रीन लावलेल्या तीन ट्रॉल्या पुरतात. खाटेजवळच्या स्क्रीनची पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लागणार, हे गृहीत धरा. ट्रॉलीची चाकं १०० मिमीपेक्षा लहान घेऊ नका. उंबऱ्याला अडकतात आणि हिसक्याने स्क्रीनचा सांधा ढिला होतो.

खरी गोम वेळेची आहे. सकाळी सहाचं बीपी हातावर चिकटवलेल्या मायक्रोपोरच्या पट्टीवर लिहिलं जातं आणि पाळी संपताना एकदम भरलं जातं. मग आलेखात तीसही खाटांचं बीपी ७:४० चं दिसतं. ताप पॅरासिटामॉलच्या आधीचा की नंतरचा, कोण सांगणार? ‘मोजल्याची वेळ’ आणि ‘नोंदवल्याची वेळ’ असे दोन रकाने नसतील तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका.

आणखी एक. टीपीआर दोन आठवडे कागद आणि संगणक दोन्हीकडे चालला तरी चालेल. औषधांचा चार्ट मात्र एक दिवससुद्धा दोन ठिकाणी नको. राउंडमध्ये कागदावर बंद केलेलं इंजेक्शन स्क्रीनवर चालू राहतं आणि दुपारी दिलं जातं. तारीख ठरवा, सकाळच्या राउंडला सगळे चार्ट एकदम हलवा.

तारजोड
टच : कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलसारखा घ्या. पातळ नायट्राइल किंवा लॅटेक्सच्या एका ग्लोव्हवर बहुतेक चालतो, दोन ग्लोव्ह्जवर अडतो. ऑर्डर देण्याआधी तुमचेच ग्लोव्ह्ज घालून, बोट सॅनिटायझरने ओलं करून बघा. इन्फ्रारेड चौकटवाले स्वस्त पडतात, पण त्यांना बाही लागली, माशी बसली तरी ‘दाबलं’ असं वाटतं. बटणं निदान १५ मिमी.

पुसणं : स्क्रीनवर थेट फवारा मारू नका, द्रव कडेने आत उतरतो. मऊ कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, तेही कंपनीच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तर. हायपोक्लोराइट फरशीसाठी ठीक, इथे धातूची चौकट खातं. पुसताना ३० सेकंद टच बंद ठेवणारं बटण हवंच, नाहीतर मावशींच्या फडक्याने औषध ‘दिलं’ म्हणून नोंद होते.

लाइट : जनरेटर उचलेपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत संगणक रीस्टार्ट होतो, म्हणून यूपीएस. हमखास चूक म्हणजे संगणक यूपीएसवर आणि नेटवर्कचा स्विच, वायफायचा डबा साध्या प्लगवर. मग स्क्रीन चालू, पण सर्व्हर गायब. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर अजिबात नको, त्याचा हीटर शेकडो वॅट ओढतो.

नेटवर्कच गेलं तर? दर तासाला प्रत्येक पेशंटचा चालू औषधचार्ट पीडीएफ होऊन वॉर्डातल्याच एका संगणकात उतरला पाहिजे. सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही. शेजारी कोऱ्या फॉर्मची लाल फाइल ठेवा.

खाट_नंबर_१४
चाकांचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. डिस्प्ले आणि पासवर्डचं कोणी सांगेल का? सध्या सगळी पाळी ‘सिस्टर१’ याच एका लॉगिनवर आहे.

एमआरडी_तळमजला
ते आधी बंद करा. कोणी काय दिलं याचा मागच राहत नाही. प्रत्येकीला कार्ड आणि चार आकडी पिन द्या. कार्ड टेकवून दोन-तीन सेकंदांत आत जाता आलं नाही तर परत एकच लॉगिन सुरू होईल. आपोआप लॉक दोन मिनिटांवर. चुकीची नोंद पुसता येऊ नये, खोडलेली दिसावी.

मोठ्या डिस्प्लेवर खाट क्रमांक, आद्याक्षरं, ‘उपाशी ठेवा’, ‘पडण्याचा धोका’ एवढंच. निदान नको. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे, तेव्हा त्यासाठी वेगळा रंग किंवा खूणही नको, ती सगळ्यांना कळतेच.

जुन्या फायली स्कॅन करत बसू नका, शेवटचं डिस्चार्ज कार्ड पुरे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायच्या आणि मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. एमएलसीचे (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिस केसचे) कागद मात्र रद्दीत घालू नका.

खाट_नंबर_१४
नावं मराठीत भरावीत की इंग्रजीत?

एमआरडी_तळमजला
दोन्ही, मराठी युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधलं नाव शोधून सापडत नाही. इंग्रजीत एकच ज्ञानेश्वर ‘डी’ने आणि ‘जी’नेही भरला जातो आणि दोन पेशंट तयार होतात. मोबाइल नंबरवर विसंबू नका, घरात फोन एकच असतो. आभाचा (सरकारी आरोग्य खात्याचा) १४ आकडी क्रमांक असेल तर घ्या. बेशुद्ध आलेल्याला तात्पुरता क्रमांक द्या, आणि दोन नोंदी जोडायचा अधिकार फक्त एमआरडीकडे (रेकॉर्ड विभागाकडे) ठेवा.