हातातली कामं कमी, मिळकत तीच

एकट्याने धंदा करताना सावकाश गेलं की मिळकत घटते, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कामाचा वेग वेगळा आणि हातातल्या कामांची गर्दी वेगळी.

साधा हिशेब बघा. मी मजकूर संपादन करते, आठवड्याला २ कामं पुरी होतात. हातात कायम ८ असतील तर प्रत्येक गिऱ्हाईक सरासरी ४ आठवडे थांबतं. चारच ठेवली तर २ आठवडे. पुरी झालेली कामं दोन्हीकडे तेवढीच, म्हणजे पैसेही तेवढेच. हातातली कामं भागिले आठवड्याला पुरी होणारी कामं म्हणजे थांबायचे आठवडे, रांगांच्या गणितातला हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. फरक पडतो तो आपल्या डोक्याला. ८ कामं उघडी असताना माझी सकाळ "कुठवर आलं?" या फोनांत जायची. मग अर्धवट सोडलेल्या मजकुराची पहिली पानं पुन्हा वाचायची, नुसता धागा सापडावा म्हणून.

आता नव्या कामाला लगेच हो म्हणत नाही, एक रात्र जाऊ देते. दोघं-तिघं थांबले नाहीत, त्याचं वाईट वाटलं.

मात्र दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर नाही म्हणणं फार जड जातं. अशांना मी 'सावकाश घ्या' म्हणणार नाही. त्यांनी आधी आपले दर तपासावेत. दर ठरवताना आपण प्रत्यक्ष कामाचे तास धरतो. फोन, हिशेब, दुरुस्त्या यांचे धरतच नाही.