निधीसाठी ६० पानांचं जेवण, ॲलर्जी असलेले पाहुणे आणि स्वतः शेफलाही ॲलर्जी: आखणी कशी करावी?

मंद_आच
एका धर्मादाय संस्थेच्या निधीसाठी ६० जणांचं बसून वाढायचं जेवण करायचं आहे. एरवीचं काम खासगी घरांतलं, ४ ते १० माणसांचं. आतापर्यंतच्या अर्जांवरून हिशोब असा: शेंगदाणा २, काजू-पिस्ता १, 'दूध' २, सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला बाधतं तो आजार) १, कोळंबी-खेकडा १. शिवाय मला स्वतःला अंडं आणि तीळ अजिबात चालत नाहीत.

अडलेले प्रश्न:
१. या ७ जणांची ताटं वेगळी करावीत की सगळ्यांचाच मेनू त्या हिशोबाने बसवावा?
२. ज्या पदार्थाची चव मी घेऊ शकत नाही त्याचं मीठ-आंबट कसं जमवायचं?
३. संस्था म्हणते बरंचसं साहित्य देणगीत मिळेल आणि स्वयंसेवक घरून केक करून आणतील. हे चालेल का?
४. त्याच संध्याकाळी लिलावात 'आठ जणांसाठी घरी येऊन जेवण' असं कूपन ठेवायचं आहे. त्यावर काय लिहावं?

तक्ता_आधी
सगळ्यांचाच मेनू बसवा. वेगळं ताट म्हटलं की वेगळी पळी, वेगळं पातेलं, वेगळा माणूस आलाच, आणि ६० पानांच्या गर्दीत यातलं काहीतरी हमखास सुटतं. जी वस्तू स्वयंपाकघरात आलीच नाही ती चुकून ताटात जाणार नाही. शेंगदाणा, सगळा सुका मेवा, तीळ, अंडं, कोळंबी-खेकडा आणि गहू हे त्या दिवशी दाराबाहेर. दुधाचं म्हणाल तर मुख्य पदार्थ बिनदुधाचे ठेवा, गोडात एखादा दुधाचा घटक हवाच असेल तर तो शेवटी वेगळ्या भांड्यातून वाढा.

त्याआधी 'दूध' लिहिणाऱ्या दोघांना फोन करा. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. लॅक्टोजमुक्त दुधात केसीन हे प्रथिन तसंच असतं, तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: नेमकं काय वर्ज्य, किती कमी प्रमाणात त्रास होतो, ॲड्रिनलीनचं पेन (तीव्र ॲलर्जीत लगेच टोचायचं इंजेक्शन) जवळ असतं का. काजू-पिस्तावाल्याला बाकी सुका मेवा आणि नारळ चालतो का, तेही विचारून घ्या. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, म्हणून ते बहुतेकदा जोडीनेच बाधतात. अक्रोड आणि पेकानचंही तसंच.

सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे, पण काळजी तितकीच कडक. ग्लूटेनमुक्त म्हणायची मर्यादा बऱ्याच देशांत किलोमागे २० मिलिग्रॅम. चिमूटभर मैदा, म्हणजे साधारण ०.३ ग्रॅम, एक किलो सॉसमध्ये पडला तरी ती ओलांडली जाते. शिवाय चाळलेलं पीठ हवेत तरंगत राहतं आणि नंतर उघड्या भांड्यांवर बसतं. त्यामुळे त्या दिवशीच नाही, आदल्या संध्याकाळीही त्या खोलीत मैदा उघडू नका.

सॉस घट्ट करायला लिटरमागे ६०-७० ग्रॅम मैदा लागतो तिथे कॉर्नफ्लोर ३०-३५ ग्रॅम पुरतं. माणशी ८० मिली धरलं तर ६० जणांना जेमतेम ५ लिटर, म्हणजे १५०-१७५ ग्रॅम. दुप्पट थंड पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये घाला, एक-दोन मिनिटं उकळू द्या आणि नंतर फार ढवळू नका. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आच बंद केल्यावर घाला. आंबटासोबत उकळत ठेवलं की हा सॉस सुटतो आणि मग लोक घाईत आणखी कॉर्नफ्लोर ओततात. डबा मात्र वाचून घ्या, ऑस्ट्रेलियात कॉर्नफ्लोर या नावाने गव्हाचा स्टार्चही विकला जातो.

लपून येणाऱ्या वस्तू: सोया सॉस (गहू), वूस्टरशर सॉस (मासे), स्टॉक क्यूब (दूध, गहू, सेलरी), तयार मसाल्यांची मिश्रणं (मोहरी, पीठ), ओट्स (गव्हाची सरमिसळ).

मापाने_मीठ
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मीठ जिभेवर सोडू नका, काट्यावर आणा. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या बाहेरून मार्करने लिहून ठेवा. पदार्थ शिजला की भरलेल्या पातेल्याचं वजन करा आणि फरकाच्या ०.८ ते १ टक्का मीठ धरा, म्हणजे किलोला ८-१० ग्रॅम. स्टॉक, सोया सॉस किंवा लोणचट घटकातून आलेलं मीठ त्यातून वजा करा. आधी ८ ग्रॅमच घाला, उरलेलं चाखणाऱ्याने सांगितल्यावर. आंबटही तसंच: लिंबं मोजू नका, रस ग्रॅममध्ये मोजा, कारण दोन लिंबांत दुप्पट फरक असू शकतो.

चाखणारा माणूस आधी ठरवा आणि त्याला सरावाच्या दिवशीच बोलवा. 'छान आहे' या शेऱ्याचा उपयोग नाही. त्याला ठरावीक प्रश्न विचारा: मीठ कमी, बरोबर की जास्त? आंबट आधी लागतं की शेवटी? घास गिळल्यावर तोंड कोरडं पडतं का? एका चमच्याने पातेल्यातून दुसऱ्या चमच्यात ओतायचं, दुसरा तोंडात जातो आणि सरळ धुवायच्या टबात. एकच चमचा परत बुडाला तर ते अख्खं पातेलं संशयित.

आणि 'जिभेला लावून थुंकते' हा प्रकार कृपया करू नका. तेवढ्यानेही प्रतिक्रिया येऊ शकते, आणि शेफच आडवी झाली तर ६० पानं कोण वाढणार? तुम्हाला वर्ज्य असलेल्या वस्तू मेनूतूनच काढणं हा तुमचा हट्ट नाही, कामाची गरज आहे. संस्थेला तसंच सांगा.

मंद_आच
दोघांचेही आभार. एक उपप्रश्न: सुरुवातीला एक तळलेला पदार्थ ठेवायचा आहे. हॉलच्या स्वयंपाकघरातला फ्रायर वापरला तर? आणि तिथली भांडी कितपत विश्वासाची?

तक्ता_आधी
फ्रायर नको. आधी त्यात काय तळलं हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि तेल गरम केल्याने प्रथिनं नाहीशी होत नाहीत. नवं तेल, स्वतःची कढई, स्वतःचा झारा. तेलाचा डबा सीलबंद आणा. लाकडी पळ्या, लाकडी बोर्ड, ओरखडे पडलेले नॉनस्टिक तवे आणि बारीक जाळीच्या गाळण्या तिथल्या वापरू नका, फटीत अडकलेलं घासून निघत नाही. स्टीलची भांडी चालतील: आधी खरवडा, मग गरम पाणी आणि साबण, मग वाहतं पाणी, मग कागदी टॉवेल. ओट्यावरचा ओला फडका त्या दिवशी हद्दपार. हातांना सॅनिटायझर लावून भागत नाही. त्याने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. साबण-पाणीच हवं. हातमोज्यांचंही तेच, मोजा घालून पाकीट उघडलं की मोजाही माखला.

वाढताना त्या ७ जणांची पानं सर्वांत आधी, झाकून, एकाच माणसाच्या हातून. त्याने खुर्चीशी जाऊन नाव विचारायचं आणि पानात काय नाही ते बोलून सांगायचं. नुसत्या टेबल क्रमांकावर जाऊ नका, लोक जागा बदलतात.

पावती_जपा
देणगीतलं साहित्य घ्या, पण सीलबंद आणि मूळ लेबलासकट. सुट्ट्या पिशवीत, बरणीत ओतून दिलेलं काहीही नको, भले देणारा कितीही जवळचा असो. 'अंश असू शकतो' ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे, ती नाही म्हणजे अंश नाही असा अर्थ होत नाही. प्रत्येक लेबलाचा फोटो काढा आणि पदार्थागणिक तक्त्यात नोंदवा. शेवटच्या दिवशी कुणी 'तोच, फक्त दुसऱ्या कंपनीचा' डबा आणला की तक्ता पुन्हा तपासायचा. गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

घरचे केक जेवणाच्या हॉलमध्ये नकोत. स्वयंसेवकांचा उत्साह मोडवत नसेल तर बंद खोके दारापाशी, निघताना विकायला ठेवा, घटकांची चिठ्ठी लावून. उघडा केक टेबलावर आला की त्याचा चुरा आणि सुरी सगळीकडे फिरते.

कूपनवर लिहा: माणसं जास्तीत जास्त ८, मुदत ठरावीक तारखेपर्यंत, साहित्याचा खर्च कोणाचा, तारीख किमान ३ आठवडे आधी ठरवणार, सगळ्या पाहुण्यांची ॲलर्जीची माहिती १० दिवस आधी लेखी. आणि हे वाक्य घालाच: 'यजमानांच्या स्वयंपाकघरात सुरक्षितपणे करता येणार नाही असा पदार्थ शेफ नाकारू शकेल.' अंडं-तीळ तुम्हाला चालत नाहीत, हेही बोली लागण्याआधी दिसायला हवं. नंतर कळलं तर संस्थेकडे पैसे परत मागितले जातात.

पहिली_पाच_मिनिटं
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. पेन असलेले पाहुणे ते कोटाच्या खिशात ठेवून कोट दाराशी अडकवतात. पेन टेबलावर, हाताशी ठेवायला सांगा. चुलीजवळ नको, फ्रिजमध्येही नको.

तीव्र ॲलर्जीची लक्षणं: घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, सतत उलट्या, चक्कर. अंगावर पुरळ येईलच असं नाही. पेन मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. लगेच आपत्कालीन सेवेला फोन. माणसाला आडवं करून पाय वर. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवा, उभं करू नका, चालवू तर मुळीच नका. ५ मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणं धोक्याचं, ती पेनची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात पाठवायचं, लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात.

फोन कोण करणार, दाराशी रुग्णवाहिकेला कोण थांबणार, ही नावं आधीच ठरवा आणि हॉलचा पूर्ण पत्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. तक्त्याची एक प्रतही तिथेच असू द्या. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो काय खाल्लं हाच.